‘त्या दिव्यात मला पायरीच दिसत नाही’

ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडक्यात असं:

‘दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचं वडिलोपार्जित घर आहे. बाबा गेल्यापासून तिथे आई (वय ७४) आणि आत्या (६९) अशा दोघीच राहतात. विहीर आणि न्हाणी घरापासून वीस-पंचवीस पावलांवर आहे. जांभ्याची पाखाडी आणि चार पायऱ्या उतरून जावं लागतं. गेल्या श्रावणात पहाटे आईच्या पायापासून वीतभरावर फुरसं होतं. आत्याने बघितलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मला झोप नाही. मी वाडीभर दिवे लावायचं ठरवलं आहे: कुंपणाच्या गडग्यावर ५० वॅटचे आठ फोकस आणि मधोमध पोलवर २०० वॅटचा एक. संध्याकाळी आपोआप लागतील, सकाळी विझतील. शिवाय मोबाइलवरून ठाण्यात बसूनही चालू-बंद करता येतील. पंच्याऐंशी हजारांचा अंदाज आला आहे. पैशांची अडचण नाही, अडचण आईची आहे. गणपतीत एक फोकस लावून बघितला, तर म्हणाली, “त्या दिव्यात मला पायरीच दिसत नाही. इथे काय लग्नाचा मांडव घालायचाय?” चौथ्या दिवशी तिने तो काढायला लावला. बहीण म्हणते, चोराचिलटाचा काळ आहे, आईचं ऐकू नको. शेजारी चुलत भावाचं घर आहे, तो काही बोलला नाही. समोर सुरूचं बन आणि पलीकडे वाळूची पुळण, म्हणजे त्या बाजूला कोणाला त्रास व्हायचा प्रश्न नाही. आईचा हट्ट कसा मोडू?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ते वाक्य तुमच्या आईंचं आहे. तुम्ही ते हट्ट म्हणून लिहिलंय, पण मला तर ती साधी तक्रार वाटते, आणि अगदी नेमकी. त्यांना खरंच पायरी दिसत नसणार.

गडग्यावरचा फोकस माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. न्हाणीकडे जाताना तो समोरून डोळ्यांत घुसतो, आणि त्याच्या झगमगाटापुढे पायाखालचं सगळं काळं होऊन जातं. परत येताना तोच पाठीमागून पडतो, आणि मग आपलीच सावली नेमकी पायरीवर. तुम्ही-मी तिशी-चाळिशीत हे निभावून नेतो. सत्तरीच्या डोळ्याला उजेडातून अंधारात रुळायला जास्त वेळ लागतो, आणि मोतीबिंदू असेल तर समोरच्या प्रखर दिव्याभोवती धुकं पसरल्यासारखं दिसतं. आईंचे डोळे शेवटचे कधी तपासले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिव्यांच्या आधी ते करून घ्या.

दुसरी गोष्ट तुमच्या मनातली. वाडी उजळली की साप येणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही. उलट पांढऱ्याफेक दिव्याखाली पावसाळ्यात काय चालतं ते आठवा: पंखाच्या मुंग्या, पाकोळ्या, त्यांच्यावर टपलेल्या पाली, खाली बेडूक बसलेले. बेडकांच्या मागे कोण येतं ते कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार! फुरसं हातभरही नसतं आणि जांभ्याच्या रंगात असं मिसळून जातं, की वरून धो-धो उजेड पाडला तरी चिऱ्याच्या फटीत ते दिसायचं नाही. उजेड हवा तो साप हाकलायला नव्हे, पाऊल पडतं तिथली जमीन दिसायला. हे एकदा मान्य केलं की तुमचे आठ फोकस आणि पोल आपोआप गळून पडतात.

खरं सांगायचं तर हाच मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. आमच्या वाईच्या घरी मी मोठ्या हौसेने चार फोकस लावले (इलेक्ट्रिशियन त्यांना अजूनही ‘हॅलोजन’च म्हणतो, असतात एलईडी). पहिल्याच रात्री आमचे हे म्हणाले, “पेट्रोल पंप कधी सुरू होतोय?” पहिल्या पावसात त्यातल्या दोघांच्या काचेत दोन बोटं पाणी साचलं. मग रोज मध्यरात्री घरातला आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडायला लागला, की फ्रिजसकट सगळं बंद. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर त्याने काय करावं? ‘हा सारखा ट्रिप होतोय’ म्हणून आरसीसीबीच काढून टाकला आणि दोनशे रुपये घेऊन गेला. आठवड्याने कुंड्यांना पाणी घालताना मला झटका बसला, तेव्हा डोळे उघडले. ते यंत्र बिचारं ओरडून सांगत होतं की वीज कुठेतरी ओलीतून जमिनीत जातेय, आणि आम्ही त्याचंच तोंड बंद केलं होतं.

तेव्हा आता पैशांचं राहू द्या. एक रात्र काढून गावी जा. शक्यतो अमावास्येच्या आसपास. फोकस, कॅमेरा, मोबाइल सगळं बाजूला ठेवा आणि आई पहाटे उठतात तेव्हा उठून त्यांच्या मागोमाग चाला. बोलू नका, नुसतं बघा. त्या कुठे हात टेकतात? कुठल्या पायरीवर दोन्ही पाय आणून थांबतात? बादली कुठे ठेवतात? बेड्याकडे, म्हणजे वाडीच्या फाटकाकडे, रात्री खरंच कोणी जातं का, की ते दिवेलागणीलाच लागतं? जिथे पाऊल अडखळेल तिथे चुन्याची खूण करा. मला वाटतं सात-आठ खुणा होतील, फार तर नऊ. तुमची दिव्यांची यादी तीच.

दिव्याची जागा ठरवायला एक सोपी युक्ती आहे. तळाला कड फुटलेली जुनी कुंडी पायरीच्या बाजूला पालथी घाला आणि आत टॉर्च ठेवा. फटीतून जमिनीवर उजेडाची एक जीभ येते, आणि दिवा मात्र डोळ्यांना कुठूनही दिसत नाही. अंगणातला चांगला दिवा असाच असतो. आईंना त्यावरून चालायला लावा आणि विचारा. कुंडी हातभर इकडे-तिकडे सरकवा, पुन्हा विचारा. एका रात्रीत जे कळेल ते दुकानातल्या कॅटलॉगमधून कळणार नाही.

आता दिवे. पायऱ्यांच्या बाजूला गुडघ्याच्या खाली, झाकणीचे, तोंड जमिनीकडे असलेले ३-४ वॅटचे स्टेप लाइट पुरतात. न्हाणीच्या दाराशी आणि पडवीच्या वळचणीखाली एकेक बल्कहेड (भिंतीवर बसणारा बंद दिवा). रंग पिवळा घ्या: खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेलं असतं, ६५०० चा पांढरा नको. त्या पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी. खोक्यावर आयपी म्हणून दोन आकडे असतात, त्यातला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. वळचणीखाली ५४ चालेल, उघड्यावर ६५ च्या खाली जाऊ नका. जमिनीत पुरून वर तोंड केलेले दिवे हॉटेलात छान दिसतात, पण कोकणच्या पावसात माझ्या मते ते लावूच नयेत. समुद्राची खारी हवा आहे, तेव्हा स्वस्तातलं रंग दिलेलं ॲल्युमिनियम दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी टाकायला लागतं. जाड पॉलिकार्बोनेट किंवा पितळ घ्या, आणि स्क्रू स्टेनलेसचेच असल्याची खात्री करा. दिवा चांगला आणि स्क्रू गंजलेला, म्हणून दिवाच फोडून काढायची वेळ मी बघितली आहे.

माडाखाली काहीही लावू नका. एक नारळ पडला की दिवा गेला, झाप पडला की वायर. माडाला खिळे ठोकून दिवा टांगायची पद्धत तर अगदीच वाईट. आणि माडांवरून लोंबणाऱ्या दिव्यांच्या माळा मनात असतील तर वानरांचा विचार करा, ती तुमच्या आधी ओढून बघतील.

वायरिंगबद्दल सविस्तर सांगते, कारण अंदाज देणारे लोक नेमकं हेच एका ओळीत उरकतात. आई आणि आत्या ओल्या पायांनी, ओल्या हातांनी या दिव्यांजवळून जाणार. म्हणून बाहेर २३० व्होल्ट न्यायचाच नाही, असं मी म्हणेन. पडवीच्या आत, कोरड्या जागी, बंद डब्यात २४ व्होल्टचा चांगल्या प्रतीचा ड्रायव्हर (२३० व्होल्टचे २४ करणारं यंत्र) बसवा आणि पुढे सगळं २४ व्होल्टवर चालवा. वायर कुठे उघडी पडली तरी जिवावर बेतण्याचं कारण राहत नाही. दुकानदार १२ व्होल्टचं सामान पुढे करेल, ते जास्त मिळतं. पण तुमचं अंतर मोठं आहे. नऊ दिवे, एकेक ४ वॅटचा, म्हणजे ३६ वॅट. १२ व्होल्टवर त्याला ३ अँपिअर लागतात. ३० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत, सगळा भार टोकाला धरला तर जाऊन-येऊन दोन व्होल्टहून जास्त वाटेतच संपतात, आणि न्हाणीचा दिवा, जो सगळ्यांत महत्त्वाचा, तोच मंद जळतो. २४ व्होल्टला करंट निम्मा होतो, घटही निम्मी म्हणजे एकाच्या आसपास, आणि २४ मधला एक गेला तर काही बिघडत नाही. आणखी जाड वायर घेतलीत तर उत्तमच.

ड्रायव्हरच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला, बाहेरच्या दिव्यांसाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी असू द्या. ड्रायव्हरकडे वीज गळली तर घर अंधारात जायला नको. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला आत्यांना शिकवा. आणि तो पडला तर तो का पडला हे शोधणारा माणूस बोलवा, तो काढून टाकणारा नको. काम परवाना असलेल्याकडूनच करून घ्या. जांभ्या कातळात अर्थिंग नीट मिळणं कठीण असतं, तेव्हा घराचं जुनं अर्थिंग त्याच फेरीत मोजून घ्या. वळवाच्या विजा बघता मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टरही (विजेचा अचानक येणारा लोट अडवणारा) बसवून टाका.

वायर काळ्या एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपातून न्या, दीड-दोन फूट खोल. कातळ लागला तर फोडत बसू नका, गडग्याच्या आतल्या अंगाने क्लिपांनी कंड्युट धरा. शिंपण्याच्या पाटाशेजारून नको, आणि माडाच्या आळ्यापासून लांब. खत घालायला आळं उकरणाऱ्या गड्याला तुमची वायर माहीत नसते. चर बुजवायच्या आधी शेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढा. पाच वर्षांनी साळिंदराने कुठे पाइप उकरला की तो फोटो सोन्याच्या मोलाचा ठरतो. जोड जमिनीत सोडू नका, ते गडग्यावर डब्यात घ्या, आणि डब्याची भोकं ग्लँडने (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा. नाहीतर दिवाळीपर्यंत कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधून बसलेली असेल.

सोलरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण असं उत्तर दिलं की लोक ते विचारतातच. माड-पोफळींच्या सावलीत, जून ते सप्टेंबर, तो दिवा नेमका हवा तेव्हा चार्ज झालेला नसतो. बेड्यापाशी, जिथे वायर न्यायचा कंटाळा येतो आणि ऊन पडतं, तिथे एक लावा. पायऱ्यांवर त्याच्या भरवशावर राहू नका.

बिलाचाही हिशोब करून टाकू. तुमचे ६०० वॅट रात्री ११ तास म्हणजे रोज ६.६ युनिट, महिन्याला दोनशेच्या घरात. दोघींचं बिल आज शंभर युनिटांच्या आत असेल, तर तो टप्पा ओलांडून पुढचे युनिट चढ्या दरात जातील. मी म्हणते ते नऊ दिवे संध्याकाळी चार तास आणि त्यातले तीन रात्रभर, तर महिन्याला सात युनिटांच्या आसपास. शिवाय एवढा भार इन्व्हर्टरवर रात्रभर आरामात चालतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या किती गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. निसर्ग रोज येत नाही, पण पावसाळ्यात दोन दिवस लाइट नसणं तर नेहमीचंच. आणि खरं तर त्या दोघींच्या उशाशी एकेक बरी टॉर्च, न्हाणीच्या वाटेवर काठी आणि रबरी गमबूट यांनी फुरशापासून जितका बचाव होईल, तितका कुठल्याही दिव्याने होणार नाही. पाखाडीच्या चिऱ्यांच्या फटी भरून घ्या, कडेचं गवत आणि नारळाच्या सोडणांचा ढीग हलवा. जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं का, हेही एकदा स्वतः जाऊन विचारून या.

बहिणीची चोरांची काळजी मी उडवून लावत नाही. तिच्यासाठी घराच्या मागच्या अंगाला, सात-आठ फूट उंचीवर, खाली तोंड केलेले मोशन सेन्सरचे दोन दिवे पुरे. रात्रभर जळणारा दिवा लोकांच्या सवयीचा होतो, अचानक लागलेला दिवा जाग आणतो. सेन्सर समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं लवकर पकडतो, त्यामुळे तो वाटेला आडवा बघेल असा बसवा, आणि काजूची फांदी त्याच्यासमोर हलणार नाही हे बघा. न्हाणीच्या वाटेवर मात्र सेन्सर नको. आई कपडे धूत बसलेल्या आणि दिवा विझला, असं झालं की त्या तुमचं सगळंच बंद करतील, आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

आता तुमच्या शेवटच्या ओळींकडे येते. समोर सुरूचं बन आणि पुळण, कोणाला त्रास नाही, असं तुम्ही म्हणता. तुमच्या तालुक्यात आंजर्ल्याला, पलीकडे मंडणगडात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासचा कासव महोत्सव २००६ पासून गाजतोय. घरटी जपून पिल्लं समुद्रात सोडायचं काम तिथे माणसं करतात, त्यामुळे पिल्लांची सोय लागते. पण मादी नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री एकटी किनाऱ्यावर चढते, आणि उजेड दिसला तर तशीच मागे फिरते. पोलवरचे २०० वॅट सुरूच्या शेंड्यांवरून पुळणीवर पोचणार. तुमच्या किनाऱ्यावर कासव येतं का, हे मला ठाऊक नाही. आईंना विचारा, त्यांना असेल. तसंच मेच्या शेवटी परड्यात काजवे लखलखत असतील, तर तेवढे पंधरा दिवस त्या बाजूचं बटण बंद ठेवा. नर काजवा उजेड टाकून मादीला साद घालतो, फोकसपुढे त्याला कोण विचारतो? पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचं अंधारं आभाळ जपणारी जागा) म्हणून मान मिळाला, तेव्हा आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले गेले. लोक अंधारात चाचपडत बसले नाहीत, उजेड फक्त आभाळाऐवजी रस्त्यावर पडला.

चुलत भाऊ काही बोलला नाही म्हणता. भाऊबंदकीत न बोलण्याचा अर्थ मी तुम्हाला काय शिकवू? काम सुरू करायच्या आधी त्याच्या ओटीवर चहाला जा आणि रात्री त्याच्या खिडकीतून तुमची वाडी कशी दिसते ते बघून या. सामाईक पाखाडी असेल तर कदाचित दोन दिवे तोच स्वतःच्या खर्चाने लावेल.

आणि मोबाइलवरून चालू-बंद करण्याचं. इथे मी जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. ठाण्यात बसून तुम्हाला झोप येत नाही, म्हणून रात्री दोनला तुम्ही गावचं अंगण उजळणार, आणि तिकडे दोघींची झोप उडणार. तुमची काळजी खरी आहे. पण ती रोज रात्री साडेआठच्या फोनने भागत असेल, तर ॲप कशाला? बटण आईंच्या बिछान्यापासून हात पुरेल तिथे हवं, आणि दुसरं न्हाणीच्या दारात. जिन्याला असतं तसं टू-वे, म्हणजे जाताना इकडून लावायचं, तिकडून विझवायचं. नेटवर्क गेलं, वाय-फाय गेलं, तरी ते चालतं. तुळशीपुढे दिवा लावायच्या वेळी अंगणातलं सगळं बंद असावं असं त्यांना वाटत असेल, तर त्यांनी ते बंद करावं.

पंच्याऐंशी हजारांतले बरेच वाचतील. उरलेल्या पैशांत एक न्हाणी घराला लागून, पडवीतूनच जाता येईल अशी बांधता येते का, हे गवंड्याला विचारून ठेवा. आई कदाचित नाही म्हणतील, विहिरीवर जायची त्यांची सवय पन्नास वर्षांची. पण आत्यांना विचारलंत का कधी? तुमच्या पत्रात त्या फुरसं बघण्यापुरत्याच आल्या आहेत.

त्यांना आणखी एक विचारा. न्हाणीच्या दाराचा दिवा डाव्या अंगाला हवा की उजव्या, ते त्यांनीच सांगायचं. बादली त्या ज्या हातात धरतात, त्याच्या उलट बाजूला तो लावा, म्हणजे बादलीची सावली उंबऱ्यावर पडणार नाही.